विकतचे यंत्र आणि हातचे यंत्र



विज्ञान-प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की शहराच्या बाजारातून एक विशेष प्रकारचा माल गावोगावी येऊ लागतो. रंगीत खोक्यात बसविलेला, तारा आधीच जोडून ठेवलेला आणि सोबत पाठ करण्यासाठी एक छापील कागद असलेला असा तो ‘तयार प्रयोग’ असतो. पालक हौसेने तो विकत घेतात, विद्यार्थी तो कागद पाठ करतो, परीक्षक कौतुकाने मान डोलावतात आणि प्रदर्शन संपले की ते खोके माळ्यावर जाऊन पडते. या व्यवहारात कोणाचाच हेतू वाईट नसतो. तथापि त्यातून विद्यार्थ्याच्या पदरी काय पडते, हा प्रश्न कोणीतरी विचारावयास हवा. माझ्या मते त्याच्या पदरी यंत्र पडते. यंत्रविद्या पडत नाही.

हा विचार मांडण्यास यंदा आपल्याच शाळेत निमित्त घडले. स्नेहसंमेलनास येणाऱ्या पाहुण्यांना सरबत देण्यासाठी नववी-दहावीच्या काही विद्यार्थ्यांनी एक यंत्र करावयाचे योजिले. तीन बाटल्या, तीन लहान पंप आणि दोन कळा. एका बाटलीत आपल्या भागातील संत्र्याचा रस. दुसरीत कोकमाचा, म्हणजे माझ्या घरच्या कोकणीत ज्याला भिरंड म्हणतात त्या फळाचा, गोड अर्क. आणि तिसरीत पाणी. कळ दाबताच पेला भरावा आणि पहिल्या पेल्यापासून शेवटच्या पेल्यापर्यंत चव एकच राहावी, एवढीच अपेक्षा. परंतु पंप चालविणारा सर्किट बोर्ड कोठून आणावयाचा, यावरून विद्यार्थ्यांत दोन पक्ष पडले. एक म्हणे, बाजारात तयार मिळतो, तो आणून तारा जोडू. दुसरा म्हणे, आपल्याला हवा तसा आपणच आखू. मी कला शाखेची पदवीधर. विजेच्या विषयात माझा अधिकार नाही. परंतु हा वाद मुळात विजेचा नसून शिक्षणाचा आहे, आणि त्यात मी दुसऱ्या पक्षाच्या बाजूने आहे. का, ते येथे सांगते.

प्रथम या यंत्राला बोर्ड लागतो कशासाठी, हे पाहू. रसासाठी जो पंप वापरतात तो मऊ नळीला बाहेरून दाबत दाबत आतील द्रव पुढे सारतो. आपल्या आतड्यांतून अन्न पुढे सरकते त्याचीच ही नक्कल. द्रवाचा स्पर्श फक्त नळीला होतो, पंपाच्या लोखंडाला होत नाही. म्हणून खाद्यपदार्थांसाठी असलेली नळी वापरून ती धुऊन ठेवली की स्वच्छता राखता येते. हा पंप एका मिनिटात किती द्रव देतो हे मोजपात्रात धरून पाहावे लागते. समजा तो मिनिटास ९० मिलिलिटर देत असेल, तर ३० मिलिलिटर अर्कासाठी तो २० सेकंद चालविला पाहिजे. येथवर गणित सोपे आहे. परंतु त्याच पेल्यात १५० मिलिलिटर पाणी घालावयाचे तर तोच पंप १०० सेकंद चालवावा लागेल आणि तहानलेला पाहुणा ताटकळत उभा राहील. म्हणजे पाण्यासाठी मोठा पंप हवा. मोठ्या पंपास विजेचा प्रवाह अधिक हवा. आणि अधिक प्रवाह वाहून नेण्यास बोर्डावरील तांब्याची वाट अधिक रुंद हवी. पाहुण्याच्या तहानेपासून निघालेला विचार तांब्याच्या रेषेच्या रुंदीपर्यंत जाऊन पोहोचतो. तयार बोर्ड विकत आणणाऱ्यास हा प्रवास घडतच नाही.

आता खुद्द बोर्डाकडे वळू. यंत्राचा मेंदू म्हणजे मायक्रोकंट्रोलर. शाळांतून बहुधा वापरतात त्या आर्डुइनो उनो या बोर्डाच्या एका टोकातून सुमारे २० मिलिअँपिअर एवढाच प्रवाह सुखरूपपणे घेता येतो. लहानशा पंपालासुद्धा त्याच्या अनेक पट प्रवाह लागतो. मग हा अशक्त मेंदू त्या सशक्त पंपाला हुकूम कसा करणार? कालव्याचे दार उघडण्यास कालव्याच्या पाण्याइतके बळ लागत नाही, माणसाचा हात पुरतो. तसेच मॉस्फेट नावाचा एक घटक मध्ये बसवितात. मेंदूने त्याच्या ‘गेट’ला इशारा दिला की मोठ्या प्रवाहास वाट मोकळी होते. त्या गेटाशी एक रोधक जोडून ते एरवी बंद राहील अशी तजवीज करावी लागते. नाहीतर वीज सुरू होताच, कोणी कळ दाबली नसतानाही, पंप सुरू होऊन सरबत टेबलावर सांडावयाचे. आणि पंप थांबविण्याच्या क्षणी त्याच्या वेटोळ्यात साठलेली ऊर्जा उलट उसळी मारते. तिला फिरून जाण्यास डायोडची वाट दिली नाही, तर ती मॉस्फेटचा बळी घेते. मॉस्फेट, रोधक आणि डायोड ही तीन क्षुल्लक दिसणारी माणके. परंतु प्रत्येकाच्या मागे एक ‘का’ आहे. ते ‘का’ ज्याला ठाऊक, ते यंत्र त्याचे; मग पैसे कोणीही दिलेले असोत.

आपल्या विद्यार्थ्यांचा पहिला बोर्ड फसला, हेही येथे नोंदविले पाहिजे. तांब्याच्या पत्र्यावर न पुसणाऱ्या शाईने रेषा आखावयाच्या, मग पत्रा फेरिक क्लोराइडच्या द्रावणात ठेवावयाचा, म्हणजे उघडे तांबे विरघळते आणि शाईखालचे तेवढे उरते, अशी ती रीत. रेषा सुबक आल्या. परंतु आराखडा वरच्या बाजूने पाहून काढलेला आणि तांबे खालच्या बाजूस, त्यामुळे सारे चित्र आरशातल्यासारखे उलटे झाले आणि मॉस्फेटचे पाय भलत्याच जागी आले. दोन दिवस डोके खाजवून ही चूक त्यांनी स्वतःच शोधून काढली. दुसरा बोर्ड चालला. पाहुण्यांनी सरबताची तारीफ केली. माझ्या मते त्या दोन दिवसांची करावयास हवी होती.

ठरलेल्या मापाने वस्तू देणारे यंत्र हे आजचे नवल नव्हे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रिया येथील हेरॉन याने नाणे टाकताच देवळातील पवित्र जल थोडेसे देऊन आपोआप बंद होणाऱ्या यंत्राचे वर्णन करून ठेवले आहे. पण आपल्याला अभिमान वाटावा असे उदाहरण अधिक जवळचे आहे. १८६७ साली मुंबईत जन्मलेले शंकर आबाजी भिसे यांचे नाव तुमच्यापैकी कितीजणांनी ऐकले आहे? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वर्षांत इंग्लंडमधील एका नियतकालिकाने स्पर्धा जाहीर केली: किराणा माल आपोआप तोलून देणारे यंत्र सुचवा. मुंबईच्या या तरुणाने आपला आराखडा पाठविला आणि तेथील स्पर्धकांना मागे टाकून बक्षीस मिळविले. दादाभाई नौरोजींसारख्यांनी त्यांना पाठबळ दिले. पुढे त्यांनी छपाईचे खिळे पाडणारे यंत्र सिद्ध केले. भांडवलाअभावी लंडनमध्ये त्यांची निराशा झाली, तरी त्यांचा ध्यास सुटला नाही. १९३५ साली न्यूयॉर्क येथे त्यांचे निधन झाले. याच भिशांनी चौदा वर्षांच्या वयात घरच्या घरी कोळशापासून ज्वलनवायू काढण्याचे साधन तयार केले होते, असे सांगतात. चौदा वर्षे म्हणजे आपल्या नववीच्या विद्यार्थ्याचे वय. त्या वयात त्यांना कोणी ‘तयार प्रयोग’ आणून दिला असता, तर पुढचे भिसे घडले असते का, याचा विचार करावा.

यंत्रांच्या इतिहासात दुसरीही एक परंपरा आहे, आणि ती आपल्याच मध्य प्रदेशातील आहे. अकराव्या शतकात धार येथे राज्य करणाऱ्या भोजराजाच्या नावावर ‘समरांगणसूत्रधार’ नावाचा वास्तुशास्त्रावरील मोठा ग्रंथ आहे. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत तो १९२४-२५ मध्ये छापला गेला. त्याच्या यंत्रविषयक अध्यायात पाण्याची यंत्रे आहेत, लाकडी पक्षी आहेत, आपोआप हालणारे द्वारपाल आहेत. परंतु ही यंत्रे घडवावयाची कशी हे त्यात पुरते सांगितलेले नाही, आणि ग्रंथकार स्वतःच म्हणतो की, हे अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्तता राखण्यासाठी. कारागिरी गुप्त राहिली की तिचे नवल टिकते, हा त्यामागील विचार. नवल टिकले असेल. पण ती यंत्रे पुढच्या पिढीच्या हाती आली नाहीत. झाकलेल्या विद्येची ही गत होते. प्रदर्शनातील बंद खोके हे त्या गुप्ततेचेच आजचे, आणि फार स्वस्त, रूप होय.

याच्या उलट वाट गेल्या काही दशकांत जगाने धरली आहे. इटलीतील इव्हरेया या गावी २००५ साली विद्यार्थ्यांसाठी स्वस्त बोर्ड म्हणून आर्डुइनो जन्मास आला, आणि त्याचा संपूर्ण आराखडा सर्वांसाठी खुला ठेवण्यात आला. मौजेची गोष्ट ही की, त्याचे नाव तेथील एका पेयगृहाच्या नावावरून पडले आहे. तेव्हा सरबताच्या यंत्राशी त्याचे नाते जुळले तर नवल नाही. बोर्डाच्या रेषा संगणकावर आखण्यासाठी ‘कायकॅड’ नावाचे साधन आहे. फ्रान्समधील झाँ-पियर शारा यांनी १९९२ साली ते सुरू केले; आज ते कोणासही विनामूल्य वापरता येते आणि त्याची घडणही कोणासही पाहता येते. तिगावच्या विद्यार्थ्याला आणि लंडनच्या विद्यार्थ्याला या बाबतीत एकच पाटी मिळालेली आहे. मग आपल्या मुलाने त्यावर स्वतः का लिहू नये?

आता आक्षेपांकडे वळू. त्यांत तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. पहिला आक्षेप असा की, सर्वच गोष्टी स्वतः करणे शक्य नाही. शाई आपण घरी करीत नाही आणि कागदही घरी करीत नाही; म्हणून का आपला निबंध खोटा ठरतो? आक्षेप योग्य आहे. मायक्रोकंट्रोलर आपण घडवू शकत नाही, मॉस्फेटही नाही. रेषा आपण आखाव्या आणि बोर्ड कारखान्यातून करून घ्यावा, यासही माझी हरकत नाही. विकत घेण्यास ना नाही. ना आहे ती न समजता मांडण्यास. ज्या वस्तूचे काम आपल्याला आपल्या शब्दांत सांगता येते ती खुशाल विकत घ्यावी, पण त्यांची जोडणी आपली असावी. शाई विकतची चालते, निबंध विकतचा चालत नाही.

दुसरा आक्षेप वेळेचा आणि गुणांचा. ‘दहावीचे वर्ष, आणि पोरे तांबे विरघळवीत बसली!’ असे पालक म्हणतात, आणि त्यांची काळजी खोटी नाही. परंतु आपल्या गावाच्या जीवनाकडे क्षणभर पाहावे. संत्र्याच्या बागेला ताण दिल्यानंतर तो तोडण्याची वेळ येते, तेव्हा पाण्यास उशीर झालेला चालत नाही. तीन फेजची वीज येते ठरलेल्या तासांपुरती. तेवढ्यात विहिरीवरील मोटरचा स्टार्टर रुसला, तर पांढुर्ण्याहून मिस्त्री येईपर्यंत सारे घर आभाळाकडे पाहत बसते. वीज येताच मोटर आपोआप सुरू करणारा ऑटो, विहीर आटताच मोटर बंद पाडणारे साधन, मोबाइलवरून चालणारा स्टार्टर, ही सारी खोकी आज बागेत आली आहेत आणि जवळजवळ सारी आपल्याला बंद आहेत. दुर्बळ इशाऱ्याने बलवान प्रवाहाला वाट देणे, चुकीच्या वेळी पंप सुरू न होऊ देणे, रिकामा पंप न चालू देणे ही तत्त्वे सरबताच्या यंत्रात आणि विहिरीच्या स्टार्टरमध्ये एकच आहेत. फरक एवढाच की, सरबताचे यंत्र बारा व्होल्टवर चालते आणि चूक पोटात घालते. तीन फेजची वीज चूक पोटात घालीत नाही. म्हणून घरच्या स्टार्टरचे झाकण विद्यार्थ्याने मुळीच उघडू नये, हे मी बजावून सांगते. पण मिस्त्री काय करीत आहे, तो सांगतो तो बिघाड खरा की नाही, एवढे त्याला समजले, तरी त्या घराचे परावलंबन काही अंशाने कमी होईल. आणि त्यातूनच एखादा उद्याचा मिस्त्री, किंबहुना अभियंताही, गावातच तयार होईल. याला किती गुण द्यावयाचे ते पालकांनीच ठरवावे.

हाताने शिकण्याचा हा विचार आपल्याकडे परका नाही. येथून फार लांब नसलेल्या वर्ध्यास १९३७ च्या ऑक्टोबरात भरलेल्या शिक्षण-परिषदेत महात्मा गांधींनी नई तालीमचा विचार मांडला. हस्तोद्योग हा अभ्यासाला जोडलेला आणखी एक विषय नसून सारे शिक्षण त्याच्याद्वारे द्यावयाचे, हा त्याचा गाभा होता. तकलीपासून गणित, भूगोल आणि इतिहास शिकता येतो, तर बोर्डावरून का नाही? सरबताच्या एका पेल्यात गुणोत्तर आहे, वेळ आणि वेग आहे, रसायन आहे, आरोग्यशास्त्र आहे. आणि वापरण्याच्या सूचना शुद्ध मराठीत लिहावयाच्या म्हटल्यास माझा विषयही आहे. सरकारने २०१६ पासून नीती आयोगामार्फत शाळांना अटल टिंकरिंग प्रयोगशाळा देण्यास आरंभ केला. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात पाच वर्षांत सरकारी शाळांतून आणखी ५०,००० प्रयोगशाळा उभारण्याचे जाहीर झाले. उत्तम आहे. परंतु प्रयोगशाळेतील सामान ‘बिघडेल’ म्हणून कपाटात कुलूपबंद राहिले, तर ती आणखी एक प्रदर्शनाची खोली होईल. सामान बिघडते म्हणूनच ते शिकविते.

एक गोष्ट मुलींच्या पालकांना आणि माझ्या सहकाऱ्यांनाही सांगावीशी वाटते. असे यंत्र करावयाचे ठरले की कामाची वाटणी जणू आपोआप होते: कस्तर लावण्याची तापलेली सळई मुलांच्या हाती आणि रस गाळण्याचे फडके मुलींच्या हाती. दोन्ही कामे आवश्यकच आहेत. रस गाळला नाही तर संत्र्याचा गर नळीत अडकतो आणि सारे माप चुकते. म्हणून दोन्ही कामे दोघांनीही करावी. चुलीजवळ वाढलेल्या मुलीला तापलेल्या सळईचे भय दाखविणे हास्यास्पद आहे. आणि ज्या मुलाला फडक्याने रस गाळता येत नाही, त्याच्या यंत्राचे सरबत पिण्याची मला तरी इच्छा नाही.

शेवटी तीन सूचना करते. त्यांना खर्च लागत नाही. पहिली: प्रदर्शनात प्रत्येक यंत्राचे झाकण उघडे असावे, आणि परीक्षकांनी पाठ केलेला कागद ऐकण्याऐवजी विद्यार्थ्याला फळ्याशी बोलावून सर्किट काढण्यास सांगावे. दुसरी: चालणाऱ्या बोर्डाशेजारी फसलेला बोर्डही मांडावा आणि तो का फसला ते खाली लिहावे, पारितोषिक द्यावयाचे तर त्या लिखाणालाही द्यावे. तिसरी: नियम कडक असावे. घरच्या विजेला कोणीही हात लावू नये. बोर्ड नेहमी द्रवाच्या वरच्या पातळीवर बसवावा. तांबे विरघळविण्याचे काम प्लास्टिकच्या भांड्यात, हातमोजे घालून, शिक्षकांच्या देखत व्हावे, आणि उरलेले द्रावण मोरीत ओतू नये. नियम पाळूनही पुष्कळ मोकळेपणा उरतो.

पुढल्या प्रदर्शनाला काही महिने आहेत. ज्यांना काही करून पाहावयाचे आहे त्यांनी बाजाराची वाट धरण्यापूर्वी एक कोरा कागद घ्यावा आणि आपल्या यंत्रात काय काय घडावयास हवे ते क्रमाने लिहून काढावे. पहिला आराखडा चुकेल, दुसराही कदाचित चुकेल. चुकलेले कागद फाडून टाकू नका. प्रदर्शनाच्या दिवशी तेही घेऊन या.